नोंदवहीत नसलेला तालुका

ऑगस्ट २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातल्या २८ लोकसंख्या-आधारित नोंदणी केंद्रांचे आकडे त्यात आहेत. वयाच्या फरकाची दुरुस्ती करून काढलेला दर पुरुषांमध्ये मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात सर्वाधिक होता, लाखामागे २६९.४. यादीच्या अगदी तळाशी महाराष्ट्रातलेच नाव होते. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड मिळून पुरुषांचा दर ३९.५ आणि स्त्रियांचा ४९.४. महाराष्ट्राची आणखी नावे होती ती मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा आणि बार्शीची. यवतमाळ जिल्हा त्या यादीत नव्हता. २०११ च्या जनगणनेत साडेसत्तावीस लाखांवर लोकसंख्या असलेला हा जिल्हा, आणि त्याच्या तेलंगणाला टेकलेल्या टोकाचा झरी जामणी तालुका.

म्हणजे या तालुक्यातल्या मुकुटबनच्या बाजारात कुणी विचारले, की आपल्याकडे कॅन्सर वाढला का हो, तर त्या अहवालात उत्तर सापडत नाही. वाढला असेल, नसेलही. तालुक्यातले रुग्ण कुठल्याच कागदावर नसतात असे मात्र नव्हे. ते नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जातात, सेवाग्राम-सावंगीला जातात, चंद्रपूरला, आदिलाबादला, ऐपत असली तर हैदराबादलाही जातात. तिथे त्यांचा केसपेपर निघतो, तुकडा काढून तपासायला जातो, शेक दिला जातो. मग ते मोजले का जात नाहीत?

कारण लोकसंख्या-नोंदणीचा एक कडक नियम आहे. नोंदणी अधिकारी रुग्णालयात केसपेपर चाळतो तेव्हा आजाराच्या नावाइतकेच त्याचे लक्ष पत्त्यावर असते. रुग्ण नोंदणीच्या हद्दीत किमान वर्षभर राहणारा असेल तरच तो मोजायचा. नागपूरच्या रुग्णालयातला झरीचा माणूस नागपूरच्या दरात धरला जात नाही, आणि ते बरोबरच आहे. धरला असता तर बाहेरून उपचाराला आलेल्या प्रत्येकामुळे नागपूर उगाच आजारी दिसले असते. पण ज्या जिल्ह्याची स्वतःची नोंदणीच नाही, तिथला माणूस या नियमाने दोन्हीकडून सुटतो. रुग्णालयाला तो रुग्ण म्हणून ठाऊक असतो, पण तो ज्या लाख लोकांपैकी एक आहे, त्या लाखांचा हिशेब कुणाकडेच नसतो. तो हिशेब नसेल तर धोका, उपचार आणि जगण्याचे प्रमाण यांपैकी एकही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने सांगता येत नाही.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. एकच बाई तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदलेली असते. एकीकडे नवऱ्याचे नाव, दुसरीकडे माहेरचे आडनाव, सीमेपलीकडच्या दवाखान्यात तेलुगू उच्चारानुसार लिहिलेले तिसरेच. वयाच्या रकान्यात पन्नास, पंचावन्न, साठ असे गोल आकडे, कारण जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते. मग नोंदणी करणारा विचारतो, बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तुम्ही केवढ्या होता, लग्न झाले होते का? अशा उत्तरांवरून वय बांधावे लागते. निदान कशावरून झाले हेही लिहायचे असते: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून, नुसत्या अंगतपासणीवरून, की फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून. शेवटच्या प्रकारातल्या नोंदी फार असतील तर जाणकार त्या नोंदणीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. आणि आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्याचीच पंचाईत आहे. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम एक-पंचमांश मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते.

आकडे नसले की त्यांची जागा तर्क घेतात. झरी जामणी, वणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात तर्कांना तोटा नाही. कपाशीवरची फवारणी आहे, वणीच्या कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ज्या माणसांनी आपला शेजारी असा जाताना पाहिला, ती पुढे गावात कुणाला गाठ निघाली की औषधाच्या डब्याकडे बोट दाखवणारच. या संशयाला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र तो तपासण्याची सोय करून देणे हे शास्त्राचे काम आहे.

ते कसे करायचे याची दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून सुमारे ८९ हजार माणसांची नोंद ठेवली गेली. त्यांत फवारणी करणारे शेतकरी होते, त्यांचे जोडीदार होते आणि व्यावसायिक फवारणी करणारेही होते. कोण कोणते औषध किती वर्षे मारते हे विचारून ठेवले आणि ती नावे राज्याच्या कॅन्सर नोंदणीशी जुळवत गेले. निष्कर्ष सरसकट निघाले नाहीत. धूम्रपान कमी असल्याने एकूण कॅन्सर शेतकऱ्यांत कमीच दिसला, पण काही ठरावीक कीटकनाशकांचा काही ठरावीक कॅन्सरशी संबंध दिसला. ज्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले, त्याचा या पाहणीच्या २०१८ च्या विश्लेषणात एकूण कॅन्सरशी संबंध आढळला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, पण तो आकड्यांच्या आधारे चालू आहे.

दुसरे उदाहरण पंजाबचे. भटिंड्याहून बिकानेरला उपचारासाठी जाणारी रेल्वेगाडी ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणून देशभर गाजली आणि कीटकनाशकांनी माळवा पट्टा पोखरला हे सर्वांनी गृहीत धरले. टाटा मेमोरियल सेंटरने चंडीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा इथे लोकसंख्या-नोंदण्या सुरू केल्या. पहिल्या आकड्यांत शहरी चंडीगड-मोहालीचे दर ग्रामीण संगरूर-मानसापेक्षा जास्त निघाले. म्हणून मानसाच्या लोकांचे दुःख खोटे ठरत नाही. गाडीत माणसे होती, कारण जवळ उपचार नव्हते. प्रश्न विषाचा आहे की दवाखान्याच्या अंतराचा, हे नोंदणीशिवाय वेगळे करता आले नसते, आणि दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

यवतमाळमध्ये तपासणीची वाट न पाहता सांगता येईल असा एक धोका मात्र आहे, तो पानठेल्यावर. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून ती पन्नी फळीवर घोटत राहायची, सुपारी मऊ होऊन तिच्यात तंबाखू मुरली की पुडी बांधायची. हा खर्रा विदर्भात सकाळी चहाआधीही तोंडात असतो. तंबाखू तर कर्करोगकारक आहेच, पण सुपारी एकटीही तशीच आहे हे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांना धूरविरहित तंबाखूची सवय आढळली, तर धूम्रपान करणारे होते केवळ ३.८ टक्के. विदर्भातल्याच गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने शासनासोबत ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम हाती घेतला, तो याही दुखण्यावर.

आता बार्शीकडे यायला हवे. या विषयाचे खरे गाव तेच आहे.

भारतात लोकसंख्येच्या पायावर कॅन्सर मोजणे सुरू झाले ते मुंबईत. १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची नोंदणी उभी केली. मुंबईत रुग्णालये दाट होती, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा होत्या, महापालिकेच्या मृत्यूनोंदी होत्या. नोंदणीवाल्याने रोज या दारातून त्या दारात जाऊन नोंदी उचलायच्या. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे, यासारखी निरीक्षणे त्यातून आली. हीच पद्धत १९८० च्या दशकात खेड्यात न्यायची ठरली तेव्हा ती कोलमडली असती, कारण खेड्यातला कॅन्सर रुग्णालयाच्या दारापर्यंत येतच नव्हता. बाई अंगावरून जाते म्हणून वर्ष-दोन वर्षे गप्प बसायची, मग अंथरूण धरायची आणि घरीच संपायची. तिच्या मृत्यूचे कारण ‘म्हातारपण’ किंवा ‘आजारी होती’ एवढेच लिहिले जायचे.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांनी १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांसाठी नोंदणी सुरू केली आणि तिची पद्धतच उलटी केली. कर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक गावात जायचे. सरपंच, शिक्षक, दाई, डॉक्टर यांना भेटायचे, बैठक घ्यायचे, न भरणारी जखम, गाठ, अवेळी रक्तस्राव ही लक्षणे समजावून सांगायचे आणि कुणाला असा त्रास आहे का म्हणून विचारायचे. संशय आला तर त्या माणसाला समजावून बार्शीला तपासणीसाठी आणायचे. गावात कोण वारले, कशाने वारले हेही विचारून घ्यायचे. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. जगभरच्या नोंदण्यांचे आकडे छापणाऱ्या ‘कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह कॉन्टिनेंट्स’ या ग्रंथमालेत पुढे बार्शीचे नाव आले.

तिथे जे घडले ते या सगळ्या विषयाचे मर्म आहे. काही वर्षांनी जयंत आणि नेने यांनी आपल्याच नोंदी तपासल्या तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचे दिसले. १९९५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. नवी शस्त्रक्रिया आली नव्हती, नवे औषध आले नव्हते. मोजणारी माणसे गावात येऊन विचारत होती, एवढाच बदल झाला होता. शहरात नोंदणी म्हणजे घडून गेलेल्याची नोंद असते, खेड्यात ती स्वतःच आरोग्यसेवा होते. झरी जामणीसारख्या तालुक्यात नोंदणी हवी ती एवढ्यासाठी.

याच पायावर पुढचा मोठा प्रयोग उभा राहिला. १९९९ च्या ऑक्टोबरपासून उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना सामावून घेतले गेले. एका गटाची गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, प्रत्येक तपासणी एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची सेवा. आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या, एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू निश्चितपणे घटल्याचे या प्रयोगात दिसले नाही. आठ वर्षांनी कोण जिवंत आहे, कोणाला आजार झाला, हे कळले कसे? जिल्ह्यात नोंदणीची शिस्त आधीच रुजली होती म्हणून.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले आणि ते दडवून ठेवण्यासारखे नाहीत. तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांत माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना नुसते पाहत राहणे नीतीला धरून होते का, त्यांना हे नीट समजावले होते का, असे प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत विचारले गेले. प्रश्न रास्त आहेत. पण त्याहून मोठी बोच पुढची आहे. त्या ६४ आणि ३४ मधला फरक कळूनही दहा वर्षांनी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात १.९ टक्के निघाल्या. मराठवाड्यातल्या बायकांनी जे ज्ञान जगाला दिले, ते त्यांच्या बहिणींपर्यंत पोचलेले नाही.

लसीची गोष्टही बार्शी आणि पुण्यातून जाते. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर, त्यात बार्शी आणि पुणेही, किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात लसीच्या दुसऱ्याच एका प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सर्वच अभ्यासांतले लसीकरण थांबवले. जवळजवळ पाच हजार मुलींचा एकच डोस झाला होता. तिथे फाइल बंद करणे सोपे होते. संशोधकांनी तसे केले नाही, दहा वर्षे त्या मुलींच्या घरी जात राहिले, लग्न होऊन सासरी गेलेल्यांना शोधत राहिले. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष आला: एका डोसनेही एचपीव्ही १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून ९५.४ टक्के संरक्षण. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, आणि एका डोसचा निम्मा खर्च म्हणजे गरीब देशांत दुप्पट मुलींपर्यंत लस.

स्वीडनला असा शोध घरोघरी फिरून घ्यावा लागत नाही. तिथे प्रत्येकाला एक ओळखक्रमांक असतो आणि लसीची नोंद, कॅन्सरची नोंद, मृत्यूची नोंद त्याच क्रमांकाने जुळते. १६.७ लाख मुली-स्त्रियांच्या नोंदी जुळवून २०२० मध्ये दाखवले गेले, की सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे आधार आहे, आरोग्य खाते क्रमांक आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचे दावे संगणकावर आहेत. हे धागे एकमेकांशी बांधलेले नाहीत.

उपचारांचा खरा निकालही नोंदणीतूनच लागतो. रुग्णालय आपल्याकडे आलेल्यांचा निकाल सांगते, लोकसंख्या-नोंदणी न आलेल्यांचाही सांगते. ११ भारतीय नोंदण्यांवरून २०२४ मध्ये काढलेल्या आकड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ५१.७ टक्के होते. अहमदाबादच्या शहरी भागात ते ६१.५ टक्के, त्रिपुरात ३१.६. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ जागेवरच असताना निदान झाले तर ८१ टक्के, शरीरभर पसरल्यावर झाले तर १८.३. आजार तोच, औषधेही बहुतेक तीच. जगण्या-मरण्याचा फरक पडतो तो बाई किती दिवस गप्प बसली आणि दवाखाना किती लांब होता यावर. शंभरातला एक्कावन्नावा रुग्ण पाच वर्षांनी आहे की नाही, हे कळायला फोन लावावा लागतो, फोन बंद असेल तर पोस्टकार्ड, आणि तेही परत आले तर त्या पोडावर जावे लागते.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. झरी जामणीत मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू बोलली जाते, आणि कोलाम ही केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेली जमात आहे. इथे नोंदणीची एक अडचण गणिताची आहे. तालुक्याची लोकसंख्या लाखाच्या आत. उस्मानाबाद-बीडचा दर गृहीत धरला तर वर्षाला नवे रुग्ण साधारण चाळीसच्या आसपास, आणि एकेका प्रकारचे मोजकेच. मूठभर ज्वारी अंगणात फेकली तर दाणे कुठे तरी दाट पडतातच, तसेच एखाद्या गावात दोन वर्षांत चार रुग्ण निघाले म्हणून तिथले पाणी दोषी ठरत नाही. म्हणून मोजणी जिल्ह्याची हवी आणि ती दहा-वीस वर्षे टिकायला हवी.

दुसरी अडचण खाजगीपणाची. शहरात ‘स्त्री, वय ४५, गर्भाशयमुख’ एवढे लिहिले तर कुणाला काही कळत नाही. तीस घरांच्या पोडावर तेवढ्याने त्या बाईचे घर ओळखता येते. नोंदणीने गावनिहाय आकडा कधीच छापू नये, नाव आणि आजार वेगवेगळ्या कुलूपबंद फायलींत ठेवावेत, आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना त्यांच्या भाषेत ती कशासाठी घेतली हे सांगावे. खम्ममचा धडा या जंगलपट्ट्यात विसरता येणार नाही.

सुरुवात मृत्यूंपासून करता येईल. राजेश दीक्षित, प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देशातल्या कॅन्सर-मृत्यूंचा अंदाज मांडला तो असाच: प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेली माणसे मृताच्या घरी गेली, शेवटच्या आजाराची हकिगत घरच्यांच्या शब्दांत लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवले. २०१० सालासाठी त्यांचा आकडा ५,५६,४०० होता, त्यातले ७१ टक्के ३० ते ६९ या वयातले. ग्रामीण आणि शहरी मृत्युदरात फारसा फरक निघाला नाही. खेड्यात कॅन्सर कमी, ही समजूत त्याने बरीच हलवली.

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या वर्ध्याची नोंदणी सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सांभाळते, तेव्हा शिकायला लांब जावे लागणार नाही. आशाताई प्रत्येक गावात आहेत आणि ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचे रजिस्टर आहे. महाविद्यालयातला सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग, कोलामी आणि तेलुगू बोलणारे दोन-चार कार्यकर्ते, नागपूर-सावंगी-आदिलाबादच्या रुग्णालयांतून यवतमाळचा पत्ता असलेले केसपेपर पाहण्याची लेखी परवानगी, आणि गेल्या वर्षीच्या मृत्यू-रजिस्टरातल्या ज्या नावांपुढे कारणाचा रकाना कोरा आहे त्या घरांची यादी. एवढे जमले की पहिल्या गावी जाता येईल.